कुंदावहिनीचं इंग्रजी

"मिसेस सुर्वे, आता तुम्ही. 'थ्रू थिक अँड थिन.' वाक्यात वापरून दाखवा."

कुंदावहिनी उभी राहिली. तिने पदर सारखा केला, फळ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि सावकाश म्हणाली, "माय मदर-इन-लॉ लाइक थिक भाकरी. आय लाइक थिन."

सगळा वर्ग हसला. कोतवडेकर सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. बऱ्यावाईट दिवसांत एकमेकांची साथ न सोडणं, असा त्या शब्दांचा अर्थ त्यांनी आत्ताच अर्धा फळा भरून समजावला होता. त्यांनी वहिनीला हाताने खाली बसवलं आणि शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाले, "मिस कंपनी, तुम्ही सांगा."

मिस कंपनी म्हणजे मी. मी त्या वर्गाची विद्यार्थिनी नव्हतेच. वहिनीने एकटीने आमच्या झाडगावातून मारुती आळीतल्या क्लासपर्यंत जायचं नाही, असा आईचा दंडक होता, म्हणून मला सोबतीला धाडलं होतं. पहिल्याच दिवशी सरांनी ही कोण म्हणून विचारलं, तेव्हा वहिनीने "शी इज कंपनी" असं सांगितलं आणि ते नाव मला चिकटलं. बसायला मागचं बाक होतं, तोंड उघडायची सक्ती नव्हती. पण कानांवर पडत होतं ते काही मी बाहेर टाकून देणार नव्हते. दोन महिन्यांत मी पुढच्या बाकावरच्या, बोटीवर नोकरी धरायला निघालेल्या पोरांना मागे टाकलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सरच मला एकदा म्हणाले, तेही मराठीत. वर्गात मराठी बोलायची बंदी होती आणि त्यांनी स्वतः ती मोडलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

मी उभी राहून वाक्य सांगितलं. सरांनी मान डोलावली. वहिनी मागे वळून माझ्याकडे बघत होती, आणि माझं वाक्य बरोबर आलं याचा आनंद माझ्यापेक्षा तिलाच जास्त झालेला दिसत होता.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. माझा मोठा भाऊ, मधुदादा, बहारीनच्या एका हॉटेलात कोठारावर होता. लग्नाला आला, सत्यनारायण झाला, पाहुणे परतले आणि रजा संपली म्हणून तोही गेला. दोन वर्षांत वहिनीच्या वाट्याला नवरा आला तो जेमतेम दीड महिना. नंतर उरलो आम्ही तिघी, आई, ती आणि मी. आमचे वडील, अण्णा, मी शाळेत असतानाच गेले होते.

ती लांज्याकडची. आमच्या घरी आली तेव्हा मला वाटलं होतं, आता घरात आणखी एक मोठं माणूस वाढलं, आणखी एक जण मला कामं सांगणार. तिने पहिल्याच आठवड्यात मला मागच्या पडवीत बोलावलं आणि विचारलं, "शरू, तुला शिट्टी वाजवता येते?" मला येत नव्हती. तिला येत होती. आई देवळात गेली की ती मला शिकवायची. आईसमोर ती मला "वन्सं" म्हणायची, खाली मान घालून, इतकी साळसूद की मला हसू आवरायचं नाही. आई पाठमोरी झाली की पुन्हा "शरू".

मला बहीण नव्हती. मैत्रिणी होत्या, पण त्या संध्याकाळ झाली की आपापल्या घरी जायच्या. ही घरातच होती. सकाळी डोळे उघडले की बाजूच्या अंथरुणावर होती, विहिरीवर होती, जेवताना शेजारच्या पाटावर होती. तिला काय आवडतं, कशाने तिचं डोकं दुखतं, कुठल्या गोष्टीला ती खोटं हसते, मला सगळं ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीच्या सुमारास दादाचा निरोप आला. हॉटेलातर्फे जोडप्यांना राहायला जागा मिळते, पण नवरा-बायको दोघंही तिथे कामाला असतील तरच. चादरी-टॉवेलांच्या खात्यात बाईची जागा रिकामी होणार होती. काम अवघड नव्हतं, पण देशोदेशीचे पाहुणे येतात, तेव्हा इंग्रजी बोलता आलं पाहिजे. साहेब स्वतः फोनवर बोलून बघणार. जमलं तर कुंदाला बोलावून घेतो, नाही जमलं तर ती जागा दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.

आईने दुसऱ्याच दिवशी कोतवडेकर सरांचं घर गाठलं.

सरांची शिकवण्याची एक पद्धत होती. ते व्याकरण फार शिकवायचे नाहीत. रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार विषयवार घ्यायचे. एक आठवडा जेवणाचे, एक पैशाचे, एक भांडणाचे. पौषात त्यांनी सोबतीचे घेतले आणि त्याला जोडूनच निरोपाचे. त्या दिवशी फळ्याच्या डाव्या बाजूला सोबतीचे शब्द होते आणि उजव्या बाजूला ताटातुटीचे, आणि उजवी बाजू डावीपेक्षा बरीच लांब झाली होती. सर म्हणाले, या लोकांनी अर्धं आयुष्य बोटींवर काढलं, त्यांना निरोपाचे शब्द जास्त लागणारच. आपल्याला काय, "येतो" म्हटलं की झालं.

त्यांनी 'पार्ट कंपनी' समजावताना मात्र वेळ घेतला. दोघं एका वाटेने चालत असतात, पुढे वाट फुटते, एक इकडे जातो, एक तिकडे. यात कुणी कुणाला टाकत नाही, कुणी कुणाला हाकलत नाही. दोघंही आपापल्या पायांनी जातात. "बोथ मस्ट वॉक," सर म्हणाले. मग त्यांनी वहिनीला वाक्य करायला सांगितलं. ती म्हणाली, "आय पार्ट माय हेअर." वर्ग पुन्हा हसला.

पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हटलं आणि मला तिची दया आली.

खरं सांगायचं तर दयेच्या आधी मला बरं वाटायचं. ती अडखळली की आपली खात्री पटायची की ही काही जात नाही. मला ती जायला नकोच होती. हे मी तेव्हाही स्वतःशी कबूल करत होते. दादा माझा सख्खा भाऊ, त्याचा संसार मार्गी लागावा असं मला वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण ते कर्तव्य म्हणून. मनापासून वाटत होतं ते एकच, की क्लास असाच चालू राहावा आणि वहिनीला काहीही येऊ नये.

कारण क्लासनंतरचा वेळ आमचा होता. आईचा समज होता की क्लास अंधार पडायच्या बेताला सुटतो. तो त्याच्या बऱ्याच आधी सुटायचा. आम्ही तिथून तडक समुद्रावर, मांडवीच्या धक्क्यावर जायचो. वहिनी चपला काढून दगडावर पाय लांब करून बसायची, खारे दाणे फोडून अर्धे माझ्या हातावर द्यायची. मी तिला त्या दिवशीचा धडा पुन्हा समजावून सांगायची. ती ऐकायची, पण विचारायची भलतंच.

"'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड' म्हणजे काय म्हणालीस?"

"माणूस डोळ्यांआड झालं की मनातूनही जातं."

"आणि परवा सांगितलेलं ते दुसरं? अॅब्सेन्सवालं?"

"माणूस दूर गेलं की माया वाढते."

"मग यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही पुस्तकात आहेत, वहिनी."

"म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नाही," ती म्हणाली आणि दाण्याची सालं फुंकून उडवली.

एकदा सरांनी वर्गात त्यांच्या जुन्या हेडमास्तरांचा आणि हरवलेल्या छत्रीचा एक किस्सा सांगितला, भरभर इंग्रजीत. मला त्यातली गंमत कळायला अंमळ वेळ लागला. वहिनी त्याआधीच हसली होती. मला वाटलं, कुणाचं तरी बघून हसली असेल.

माघात शेजारच्या नागवेकरकाकू आमच्याकडे पापड लाटायला आल्या. आई त्यांच्याशी बोलता बोलता म्हणाली, की अमक्याच्या सुनेला वर्षाच्या आत दुबईला नेलं, तमकीला तर नवऱ्याने लग्नानंतर सोबतच नेलं. काही बायकांच्या नशिबात नवऱ्याचं सुख असतं, काहींना ते मिळवायची अक्कल नसते. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथे लेकीचा आडपडदाही नव्हता, कारण मी शेजारीच पीठ मळत होते आणि माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. नागवेकरकाकू म्हणाल्या, "मधूचं तिकडे काही दुसरं तर नाही ना गो? बघून घ्या हां." वहिनी लाटत राहिली. तिची मान इतकी खाली गेली होती की चेहरा दिसत नव्हता.

मला त्या क्षणी स्वतःचा संताप आला. इथे हिला कुणी नवऱ्याने टाकलेली म्हणायला लागलं होतं, आणि मी दाण्यांसाठी आणि धक्क्यावरच्या वाऱ्यासाठी हिने नापास व्हावं म्हणून बसले होते. मी ठरवलं, आता हिला पास करायचंच. मला काय वाटतं ते बाजूला.

त्या दिवसापासून मी तिच्या मागे हात धुऊन लागले. विहिरीवर वाक्यं, भांडी घासताना वाक्यं, धक्क्यावर तर दुसरं बोलूच द्यायची नाही. साहेब काय विचारेल, तू काय सांगशील, सगळं घोटून घ्यायची. ती हसून म्हणायची, "तू फार मनावर घेतलंयस गं." मी म्हणायची, मग कुणी घ्यायचं? ती पुढचं वाक्य म्हणायची. पुन्हा चुकायची. एखाद दिवशी सगळं बरोबर म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून यायची. मी रडकुंडीला यायची.

फोन शुक्रवारी येणार होता, तिकडे त्या दिवशी सुट्टी म्हणून. आमच्याकडे कुठला फोन, नाक्यावरच्या दळींच्या मेडिकलमध्ये होता. दुपारची वेळ होती, दुकान बंद. दळीकाकांनी आमच्यासाठी एक फळी उघडली. फोन आतल्या बाजूला, औषधांच्या खोक्यांमध्ये. तिथे दोघींनाच उभं राहायला जागा होती. आई बाहेर स्टुलावर बसली, जपमाळ घेऊन.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग घंटी वाजली. आधी मुंबईचा ऑपरेटर, मग खरखर, मग दादाचा आवाज. मी वहिनीच्या कानाला कान लावून ऐकत होते. तो म्हणाला, "कुंदा, कशी आहेस? हे बघ, साहेब शेजारीच आहेत. घाबरू नको. त्यांचा मूड चांगला आहे. नीट बोल हां, सगळं आता तुझ्यावर आहे." तिने "हो" म्हटलं. एवढंच त्यांचं बोलणं झालं.

साहेबाचा आवाज जाड होता, पण माणूस रागीट वाटला नाही. त्याने नाव विचारलं. वहिनी म्हणाली, "कुंदा." त्याने स्वतःबद्दल काहीतरी सांगायला सांगितलं. हे तर आम्ही विहिरीवर शंभरदा घोटलेलं. वहिनीने तोंड उघडलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, जरा हळू, एकेक शब्द सुटा करून. वहिनी समोरच्या खोक्यांकडे बघत होती. घाम नाही, कापरं नाही, नुसती गप्प. पलीकडे तो कुणाला तरी काही म्हणाला. दादाला असेल. बाहेर आईची माळ थांबलेली मला दिसली.

मी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

तिने तो सोडला नाही लगेच. एक क्षण आम्हा दोघींचे हात त्याच्यावर होते. मला वाटलं, भीतीने बोटं आखडली आहेत. मी जरा जोराने ओढला आणि बोलायला लागले.

मी बोलले आणि काय बोलले. माफ करा सर, लाइन खराब आहे, म्हणून सुरुवात केली. मी लांज्याची, माझं शिक्षण अमुक, मला शिवण येतं, कपड्यांची पारख आहे, सासूबाई आणि नणंद यांच्यासोबत राहते. नणंद कशी आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, फार बोलते, सर. तो हसला. मग त्याने विचारलं, इतक्या लांब घर सोडून यायचं, एकटं नाही का वाटणार? मी म्हटलं, "टू इज कंपनी, सर." म्हणजे दोघं असली की सोबत झालीच. आणि माझी जीभ आता सुटलीच होती, म्हणून पुढे म्हटलं, "अॅब्सेन्स मेक्स द हार्ट ग्रो फाँडर, सर, बट टू इयर्स इज इनफ."

तो इतका मोठ्याने हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मागे दादाचंही हसू ऐकू आलं. नवऱ्याला सांगितलं पाहिजे की तुझी बायको तुझ्यापेक्षा बरी बोलते, असं काहीसं तो म्हणाला, आणि लाइन तुटली.

मी बाहेर आले ती हवेतच. आईने तिथेच रस्त्यात वहिनीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिला बाहेर इंग्रजी ऐकू आलं होतं, पण इंग्रजी बोलताना सगळ्याच बायांचा आवाज तिला सारखा वाटत असावा. वहिनीने वाकून नमस्कार केला. मी तिच्याकडे बघून डोळा मारला. तिने बघितलं आणि हसली.

घरी परतताना आई पुढे चालत होती, नागवेकरकाकूंना सांगायची घाई. वहिनी माझ्या बाजूने चालत होती. नाका ओलांडला. मग म्हणाली, "छान बोललीस हो शरू."

"तिकडे गेल्यावर निभावशील ना गं तू?" मी विचारलं. आता कुठे मला ती काळजी लागली होती.

"निभावेन की," ती म्हणाली.

नोकरीचे कागद यायला वेळ लागला. तोवर ती क्लासला येत राहिली, पण धक्क्यावर यायचं बंद झालं. कधी शिंप्याकडे जायचं असायचं, कधी मसाले दळायचे असायचे. शेवटच्या दिवशी सरांनी तिला पुढे बोलावून निरोपाचं एखादं वाक्य म्हणायला सांगितलं. ती म्हणाली, "थँक यू सर," आणि पाया पडली. सरांनी आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे चष्म्यावरून जरा जास्तच वेळ बघितलं. फोनवर कोण बोललं असेल ते त्यांना समजलं होतं, असं मला वाटतं.

मुंबईची एसटी सकाळची होती. स्टँडवर निम्मं झाडगाव लोटलेलं. वहिनीचे वडील तिला विमानापर्यंत पोचवायला जाणार होते, ते ट्रंकेवर बसून होते. आईने तिची ओटी भरली, हातावर दही दिलं. बायकांनी रीतीप्रमाणे डोळे पुसले. वहिनी प्रत्येकीला "येते हां" म्हणत होती. मी जरा मागे होते. मला तिच्याजवळ एकटीने एक मिनिट हवं होतं आणि त्या गर्दीत ते मिळणार नव्हतं, म्हणून मी आधीच रुसल्यासारखी झाले होते.

ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली. मी खिडकीखाली गेले. माझ्या एका बाजूला आई, एका बाजूला नागवेकरकाकू, मागे सगळ्या जणी. वहिनीने गजांमधून हात काढून माझा हात धरला आणि इंग्रजीत बोलायला लागली.

अडखळत नाही. शब्द शोधत नाही. सर बोलायचे तसं स्वच्छ, संथ, वाक्यामागून वाक्य.

ती म्हणाली, "शरू, तोंड हसरं ठेव. इथे आपल्या दोघींशिवाय कुणाला हे कळणार नाही, म्हणून या भाषेत बोलते आहे. मला सगळं येत होतं. शाळेत आम्हाला चांगले मास्तर होते, आणि जे येत नव्हतं ते इथे पहिल्या महिन्यात आलं. मला जायचं नव्हतं. तुझ्या दादावर माझा राग नाही, पण त्याला मी ओळखत नाही. मी तुला ओळखते. मला वाटलं, अजून थोडे दिवस नापास होत राहावं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती, दादाचा करार संपला असता, तो परत आला असता. तेवढ्यात तू रिसीव्हर घेतलास."

माझं तोंड हसरंच राहिलं असावं, कारण आई माझ्या पाठीवर थोपटत नागवेकरकाकूंना म्हणत होती, "बघा, बघा कशी फाडफाड बोलते. मडमेला लाजवील."

"तुला आधी सांगायला हवं होतं," वहिनी पुढे म्हणाली. "पण सांगितलं असतं तर आईंपुढे रोज तुला खोटं बोलावं लागलं असतं. आणि त्या दिवशी तू बाहेर आलीस तेव्हा इतकी आनंदात होतीस. माझ्यासाठी आनंदात होतीस. त्यावर काय बोलायचं?"

कंडक्टरने घंटी मारली. तिने माझी बोटं घट्ट दाबली.

"सरांचं ते वाक्य, जे मी केलं नाही, ते आता ऐक. वी आर नॉट पार्टिंग कंपनी, शरू. आय अॅम ओन्ली बीइंग सेंट."

बस हलली. मी तिच्याबरोबर चार पावलं चालले. मला उत्तर द्यायचं होतं. याच भाषेत, याच आवाजात, दुसरं कुणी न समजता. जिने बहारीनच्या साहेबाला हसवलं होतं, त्या माझ्या तोंडात एक वाक्य येईना. डावी बाजू, उजवी बाजू, सगळा फळा डोळ्यांसमोर होता आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. हात सुटला. ती खिडकीतून मागे वळून बघत होती, वळणापर्यंत.

पुढे ती आली, दर दोन वर्षांनी आली. मुलं झाली, अंगावर सोनं आलं, दादाशी तिचं चांगलं जुळलं, त्याच्यावर ती हक्काने रागवायची. माझं लग्न झालं तेव्हा तिने मला तिथून साडी आणली. आम्ही दोघी पडवीत बसून पुष्कळ बोलायचो, पण मराठीत, आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या सकाळचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. ती परत गेली की मला आठवडाभर जेवण जायचं नाही, आणि नवरा विचारायचा, तुझी वहिनी गेली का आई गेली? आजही कधी रस्त्यात दोन बायका एकमेकींच्या हातावर टाळी देऊन हसताना दिसल्या की मी उगाच थांबून बघते.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी बस दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली आणि बायका पांगायला लागल्या. आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. रोज टोमणे मारणारी माझी आई खरोखर रडत होती, सून गेली म्हणून.

"काय म्हणाली गो ती?" तिने विचारलं.

"म्हणाली, सगळ्यांची काळजी घ्या. आईंची औषधं वेळेवर द्या."

"गुणाची माझी बाय," आई म्हणाली. तिने नाक पुसलं, थोडी चालली आणि पुन्हा थांबली. "एवढंच? मग इतका वेळ काय बोलत होती?"

"इंग्रजीत जरा लांबतं, आई," मी म्हटलं.